भिंगरीची बोरी

पाय पांघरुणात घ्या बघू आधी. वळवळ थांबल्याशिवाय गोष्ट पुढे जायची नाही, सांगून ठेवते.

तर एक होती आई, एक होती लेक आणि त्यांच्या परसात होती एक बोरी. आईचं नाव सगुणा. लेक जन्मली त्याच दिवशी सगुणेनं परसात बोरीचं रोप लावलं. तेव्हा सुईण म्हणाली, "बाई, या रोपात तुझ्या लेकीचा जीव आहे. जप हो त्याला." सगुणेनं इतकं जपलं, इतकं जपलं, की बोरीला कधी कोयता म्हणून लागू दिला नाही. वैशाख आला की बाकीचे आपापल्या बोरी छाटायचे. ही आपली दार लावून घरात बसायची. वेडी माया, दुसरं काय!

मग बोरी माजली. फांदीत फांदी, काट्यात काटा. वारा नसला तरी सळसळ चालूच. आणि लेकही तश्शीच, बरं का. घास तोंडात घेऊन पळायची, झोपेतसुद्धा पाय झाडायची. सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. धावून धावून पोरीची पार काडी झाली. तिकडे बोरीला एक बोर धरेना. संक्रांतीला गावातल्या पोरांच्या डोक्यावरून बोरं ओतायचे, बोरन्हाण व्हायचं. सगुणेचा मात्र हट्ट, की माझ्या लेकीला न्हाऊ घालीन तर तिच्याच बोरीच्या बोरांनी. आता भिंगरीला पाचवं लागलेलं. ते सरलं की बोरन्हाण राहिलंच. पण सगुणेला खरा घोर वेगळाच. ही पोर अशीच झिजत गेली तर?

मग एकदा काय झालं, शेजारची शेळी कुंपणातून आत शिरली. बोरीची एक फांदी तिनं चांगली ओरबाडून खाल्ली. सगुणा काठी घेऊन धावली. शेळीला हाकललं आणि घरात येऊन बघते तर काय, भिंगरी मांडी घालून बसलेली, अख्खी भाकरी खात! सगुणेनं एकदा लेकीकडे बघितलं, एकदा त्या ओरबाडलेल्या फांदीकडे.

मग तिनं कोयता काढला. आधी वाळकी फांदी तोडली. अंगणात पळणारी भिंगरी थांबली. मग एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढल्या. भिंगरी येऊन ओट्यावर आडवी झाली. आता राहिला वरचा सगळा पसारा. तो काढला की नुसतं खोड उरणार. सगुणेला रडूच आलं.

"पोरी, तुला काही झालं तर गं?"

भिंगरी पेंगत म्हणाली, "आई, ते झाड मला सारखं पळवतं. मी दमले. काप ना."

मग सगुणेनं डोळे पुसले आणि कापलं. बोरीची सळसळ थांबली. आणि भिंगरी झोपली ती उठेचना. हाका मारल्या, पाणी शिंपडलं, छे! सगुणा खोडाला पाणी घालायची, आत येऊन लेकीचा श्वास बघायची, पुन्हा बाहेर जायची. आता तिचेच पाय ठरेनात. मग एका सकाळी खोडावर इवलासा कोंब दिसला. ती वाकून बघते आहे, तेवढ्यात आतून हाक आली, "आई, भूक लागली." आणि भिंगरी सावकाश चालत बाहेर आली. सगुणेनं तिला पोटाशी धरलं ते सोडेचना.

थंडीत बोरी अशी लगडली म्हणून सांगू! संक्रांतीला भिंगरी पाटावर हसत बसली, बोरं वेचायला सगळं गाव लोटलं. शेळीलाही ओंजळभर दिली बरं का.

पुढच्या वैशाखात सगुणेचा हात पुन्हा अडला. माया कुठे जाते? मग भिंगरीनंच कोयता आणून तिच्या हातात दिला आणि जवळ बसून राहिली, अगदी शांत.

झोपलात वाटतं. कुणाचा गं तो पाय हलतोय अजून? ठेव इकडे माझ्या हातावर. हं, नीज आता.