यक्षाचे लंघन

एका राज्यात श्रीखंड इतके होई, की आठ देशांच्या पंगती त्यावर उठत. राजवाड्याच्या चक्काघरात बाराशे पंचे दह्याने भरून टांगलेले असत आणि त्यांतून अखंड पाणी ठिबके. ते पाणी कोणी गटारात सोडत नसे. तो अन्नाचा अंश, त्यावर पाय पडू नये, अशी तिथली रीत. मुख्य आचारी भानुबा ते घागरींत भरी, हळदकुंकू वाही आणि मागच्या कोरड्या विहिरीत ओती. जमिनीखालच्या पाण्याचा राखणदार यक्ष तिच्या तळाशी राहतो, त्याला हा नैवेद्य.

अशी वीस वर्षे गेली. मग खालच्या आळीतल्या विहिरींचे पाणी काळे झाले. त्याला कुजक्या अंड्यांचा वास येई आणि त्यात शिजवलेला भात तांबूस होई. यक्ष कोपला, असे लोक म्हणाले. भानुबाने नैवेद्य दुप्पट केला. पाणी आणखी काळे झाले. राजा मधुकेतूने दवंडी पिटवली : तीन वर्षांत पाणी निवळले नाही, तर खालची आळी उठवली जाईल.

भानुबाचे घर त्याच आळीत होते.

त्याची लेक तरला सात डोंगरांपलीकडच्या जलशाळेत शिकून तेव्हाच परतली. तिने माठातले पाणी हुंगले आणि दोर घेऊन कोरड्या विहिरीकडे गेली. काठावर टिटवी बसली होती.

"उतरू नकोस, पोरी," टिटवी म्हणाली. "आधी दिवा सोड."

तरलाने दोराला बांधून सोडलेला दिवा अर्ध्यावरच विझला; खालची हवा नासली होती. खालून आवाज आला, "आता आणखी काय आणलेत?"

"यक्षदेवा, कोपलात का?"

"कोपायला पोटात जागा हवी. मला श्वास घेता येत नाही. तीन कामे कर. नासलेले पाणी उपसून त्याला वारा दाखव. मला घालता ते पचवील, असे दुसरे तोंड शोध. आणि ज्याने पहिली घागर ओतली, त्याच्याच हाताने ही विहीर बंद कर."

तरलाने आळीच्या टोकाला दगडी पायऱ्या बांधल्या. आळीच्या विहिरींतून मोटेने उपसलेले पाणी त्यांवरून उड्या घेत उतरे. सातव्या पायरीशी ते तांबडा गाळ टाकी आणि पुढे लव्हाळ्यांत शिरे.

"एवढी शिकून आली, अन् पाण्याला जिना चढवते!" बायका हसल्या.

"चढवत नाही, मावशी. उतरवते."

दुसरे काम म्हशींनी केले. चक्क्याच्या पाण्यात पहिलीने तोंड घातले, ते वर काढलेच नाही. म्हशींना पुरून उरले ते दहापट पाण्यात मिसळून आळीपाळीने शेतांना दिले.

तिसरे काम घरातच होते.

"आबा, विहिरीवर शिळा ठेवा."

"यक्षाला उपाशी मारू? हेच शिकवले तुझ्या शाळेत?"

"मला अपचन झाले की तुम्ही काय करत होता?"

"लंघन घालत होतो," भानुबा म्हणाला. "पण तू माझी लेक. तो देव आहे. त्याने खरेच सांगितले?"

"मी साक्षीला होते," टिटवी म्हणाली.

"पाखरांची साक्ष आम्ही धरत नाही."

भानुबाने घागर उचलली, हळदकुंकू वाहिले, विहिरीवर वाकला. तेव्हा खालच्या अंधारातून एक भलामोठा हात वर आला आणि विहिरीच्या तोंडावर आडवा धरला गेला.

भानुबाने हजार पंगती वाढल्या होत्या. जेवणाऱ्याने पानावर आडवा धरलेला हात त्याने कितीतरी वेळा पाहिला होता, आणि दर वेळी त्या हाताच्या फटीतून आणखी एक वाटी आग्रहाने वाढली होती. त्या हाताकडे तो पाहत राहिला. मग त्याने घागर खाली ठेवली.

"चुकलो, देवा," तो म्हणाला. हात खाली गेला. भानुबाने शिळा ओढली.

पहिल्या वर्षी काही झाले नाही. दुसऱ्या वर्षी वास गेला. तिसरे वर्ष सरायला नऊ दिवस उरले असता टिटवी आळीच्या विहिरीवर आली, पाणी प्यायली आणि उडून गेली. मग राजा प्यायला. दवंडी मागे घेतली गेली. भानुबाने घरच्या विहिरीच्या पाण्यात भात शिजवला, तो पांढरा झाला.

त्या राज्यात श्रीखंड अजून होते, पंगती अजून उठतात. पण कोणी पानावर हात आडवा धरला, की वाढणारा तिथेच थांबतो.