सरकारांचा कडीचा डबा

"तू परत येशील याचा पुरावा आण. उद्या सकाळी दहापर्यंत," कुंभेरीचे सरकार म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

संस्थान केव्हाच विलीन झालं होतं. सरकारांचा हट्ट तेवढा व्हायचा राहिला होता. त्यांचा ट्रस्ट दरवर्षी एकाला इंजिनीअरिंग शिकायला परदेशी पाठवी. आधीचे तिघे तिकडेच राहिले. एकाने तर बर्फातला फोटो पाठवला, मागे लिहिलं, 'इथे बरं आहे.' म्हणून ही अट. माझ्याकडे जर्मनीतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र होतं. सरकारांची सही आठवड्यात मिळाली नाही, तर ती जागा दुसऱ्याची.

अजून गेलोच नाही, तर परत येण्याचा पुरावा आणू कुठून? पण त्या वयात मला स्वतःच्या बुद्धीबद्दल फार आदर होता. मी बावीस पानी निबंध लिहिला, 'मी परत का येईन'. आकृत्यांसह.

सकाळी सरकारांनी तो हातात तोलला. "वजन चांगलं आहे," म्हणाले आणि पानाच्या डब्याखाली सारला.

"परतीचं तिकीट आधीच काढतो, सरकार."

"रद्द होतं."

"देवाची शपथ घेतो."

"तिघांनीही घेतली होती."

शेवटी मी रडलो.

"हे नवीन आहे," सरकार म्हणाले, "पण पुरावा नाही."

तेवढ्यात माझी गोजराआत्या पिठाचे हात पुसत बाहेर आली. ती सरकारांच्या मुदपाकखान्यात भाकऱ्या थापायची.

"सरकार, याला कागद मागू नका. वाड्यावरचा एक डबा द्या. नाव घातलेला."

"डबा? कशाला?"

"आमच्या वहिनीच्या, म्हणजे याच्या आईच्या घरात दुसऱ्याचं भांडं चार दिवस राहिलं, तर तिला घास उतरत नाही. हा डबा घेऊन तिकडेच बसला, तर ती याला जगू देईल का?"

आतल्या दारातून राणीसरकार म्हणाल्या, "खरं आहे. इनामदारीणबाईंनी अकरा वर्षांपूर्वी आपलं एक झाकण ठेवून घेतलं. मी अजून त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले नाही."

पण सरकार कसले ऐकतात! "गोजरा, हा डबा पोस्टानं पाठवील आणि स्वतः तिकडेच राहील."

"रिकामा?" आत्याने कपाळावर हात मारला. "दुसऱ्याचा डबा कधी रिकामा परत करतात का, सरकार?"

"मग भरून पाठवील."

आत्याने माझ्याकडे बोट केलं. "हा? याला चहा टाकता येत नाही. परवा पाणी तापत ठेवलं, तर पातेलं जाळलं. डबा भरायचा म्हणजे याला आईकडेच यावं लागणार!"

सरकारांच्या हातातला अडकित्ता गळून पडला. ते असे हसले, की ठसका लागला आणि राणीसरकारांना पाणी घेऊन धावावं लागलं. डोळे पुसत त्यांनी हुकमावर सही केली. आत्याला जरीकाठी लुगडं मिळालं. मला बेसनाच्या लाडवांनी भरलेला कडीचा डबा.

ट्रस्टच्या दफ्तरात तो हुकूम अजून आहे: 'जर्मनीस रवाना, डबा नग एक, झाकणासह. सोबत विद्यार्थी.'