इर्जिकीचे पान

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात इर्जिकीची चाल होती. ज्याचे काम एकट्याने उरकण्यासारखे नसेल, त्याने घरोघर सांगावा द्यावा. गावाने आपापली औते घेऊन यावे आणि दिवसभरात त्याचे रान पेरून द्यावे. मोबदला कोणी घेत नसे. दुपारचे जेवण मात्र यजमानाचे.

हे जेवण आरंभी भाकरी-कालवणाचे असे. एका वर्षी पाटलीणबाईंनी हौसेने पुरणपोळी केली. पुढच्या घराने तीवर तुपाची धार धरली, त्यापुढच्याने खीर वाढली. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण साधे जेवण घालणे हळूहळू कमीपणाचे ठरले.

त्याच गावात गोजरा नावाची एक विधवा राहत होती. एका साली तिच्या जोडीतला एक बैल मेला. रब्बीची पेरणी आली, बहुतेकांची राने पेरून झाली, तरी तिचा सांगावा कोणाकडे आला नाही. जमिनीतली ओल उडून चालली होती. आणखी चार दिवस गेले असते, तर तिची वर्षाची ज्वारी हातची जाणार होती.

पाणवठ्यावर पाटलीणबाईंनी तिला कारण विचारले. घाई काय आहे, असे म्हणून तिने टाळले. बाई खनपटीलाच बसल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली, "वहिनी, माणसं येतील हो. पण त्यांच्या पानात वाढू काय? तुमच्या पुरणपोळीनंतर माझी भाकरी कुणाच्या घशाखाली उतरेल?"

बाई घरी आल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे इर्जिक होती. पुरणासाठी निवडून ठेवलेली डाळ त्यांनी पुन्हा मडक्यात ओतली. लोक नावे ठेवतील, असे पाटलांनी बजावले.

"ठेवू देत," बाई म्हणाल्या. "नावं ठेवल्यानं कुणाचं रान पडीक राहत नाही."

दुपारी पानात भाकरी, पिठले आणि कांदा पाहून पंगत एकमेकांकडे पाहू लागली. मग एक म्हातारा मिश्कीलपणे म्हणाला, "पाटलीणबाई, यंदा पुरण रुसलं वाटतं?"

"रुसलं नाही, मामा, मीच त्याला रजा दिली. माझ्या घरी इर्जिकीला यापुढं हेच पान. जे सगळ्यांच्या चुलीवर शिजतं, तेच."

काही हसले. पाटलांची दानत आटली, अशी कुचेष्टाही पाठीमागे झाली. ती बाईंच्या कानावर आली. तरी गोजराचे नाव त्यांनी कोठेही घेतले नाही.

त्याच सांजेला गोजरा घरोघर सांगावा देऊन आली. सकाळी तिच्या बांधावर अकरा औते उभी होती. दुपारपर्यंत निम्म्याहून अधिक रान पेरून झाले. तिने भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, आणि पंगतीत बसलेल्या पाटलीणबाईंनी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.

तात्पर्य हेच, की मदतीची हाक मारणे गावातल्या सर्वांत गरिबालाही परवडले, तरच परस्परसाहाय्याची चाल जिवंत राहते. आणि ते परवडेल असे ठेवणे, हे ज्याची ऐपत मोठी त्याचे काम.