ठकूची झोप

फार वर्षं झाली या गोष्टीला. पिंपरखोऱ्यात ठकू नावाची बाई होती. तिचा नवरा खंडू मधाचं पोळं काढताना कड्यावरून पडला आणि कायमचा खाटेला खिळला. त्याला कुशीवर वळवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, सगळं ठकूच करायची. सात वर्षं तिचा डोळ्याला डोळा लागला नाही, असं म्हणतात. माणसं येत, खंडूची विचारपूस करत, तिच्या हातचं गूळपाणी पीत आणि निघून जात.

एका दुपारी भरवता भरवता तिला डुलकी लागली. पेज खंडूच्या घशात अडकली, तो निळा पडला. शेजारीण धावली म्हणून वाचला. आपल्याच हातून धनी जायचा, ही भीती ठकूच्या काळजात बसली.

गावात इर्जिकाची रीत होती. ज्याचं शेत मागं पडलं, त्याच्या रानात अख्खा गाव बैल घेऊन उतरायचा आणि मालकानं सगळ्यांना जेवू घालायचं. ठकू सरळ चावडीवर गेली.

"पाटील, माझ्याबी घरी इर्जिक घाला."

पाटील हसले. "अगं ठकू, तुझं रान कुठाय?"

"रान न्हाई, खाट हाय. एकटीनं वढंना आता."

पाटलांचं हसू मावळलं. दुसऱ्या दिवशी झाडून सारा गाव आला. कुणी खंडूची दाढी केली, कुणी अंथरूण धुतलं, कुणी छप्पर शाकारलं. आणि मग आमचे शहाणे गावकरी रिवाजाप्रमाणे पंगतीला बसले! चाळीस जणांच्या भाकरी कुणी थापल्या? ठकूनंच.

शेवटची भाकरी वाढून ती पंगतीच्या मधोमध उभी राहिली. "चाळीस जण एका दिशी नगं. रोज एकानंच या, अन् आपली भाकर बांधून आणा. मला दुपारची झोपू द्या. अवसेपातूर एवढंच जमवू, फुडचं फुडं बघू."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पहिली पाळी पाटलीणबाईंनी घेतली. ठकू ओसरीवर आडवी झाली ती तीन दिवस उठलीच नाही, असं म्हणतात. बैलांच्या घुंगरांचा आवाज बंद झाला, घराखालचा ओढा पाऊल न वाजवता जाऊ लागला. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, त्या वळणावर ओढा अजून मुका आहे.

अवस आली, एकही पाळी चुकली नव्हती. मग ठकूनं गावातल्या प्रत्येक आजाऱ्याची खाट हाती घेतली, तिथंही पाळ्या लावल्या. पुढं ओढ्यापलीकडच्या वैदूला गाठलं. त्यानं आजाऱ्याला उचलायचं कसं ते शिकवलं, बदल्यात त्याच्या आजारी आईपाशी आमची माणसं बसली. असं करत पाच गावं जोडली गेली. खंडू आणखी वीस वर्षं जगला आणि शेजारणींची पेज बायकोपेक्षा बरी असते म्हणून ठकूला चिडवत राहिला.

आजही आमच्या खोऱ्यात कुणाकडे आजारी माणूस असलं, की दुपारी कुणीतरी दारात येतं. आधी आजाऱ्याची चौकशी करत नाही. घरच्या बाईला म्हणतं, "ठकूची झोप घ्या." बाई म्हणते, आज नको, कामं पडलीत.

"ठकूच्या झोपेला नगं म्हणायचं नसतं, बाई," असं म्हणून आलेलं माणूस तिच्या हातातली वाटी काढून घेतं.