आसरेला हवी होती बदकं

धाकू भगताचा शब्द गावात कुणी मोडत नसे. एका धुकट सकाळी तो टोपली घेऊन तळ्यावर आला आणि बदकं राखणाऱ्या चांगुणापुढे, आम्हा गावकऱ्यांच्या देखत, बायकी आवाजात घुमू लागला, "मी तळ्यातली आसरा! तुझी सगळी बदकं दे, नाहीतर गावची पोरं पाण्यात ओढीन!"

बदकांच्या अंड्यांवरच त्या विधवेचं घर चालायचं. तिने हात जोडले. "आई, ती दिवसभर तुझ्याच डोक्यावर पोहतात. हवी ती पाय धरून ओढून घे. त्याला धाकूदादाची टोपली कशाला?"

घुमणं थांबलं. तेवढ्यात एका बदकाने पाण्यात मुंडी खुपसली. ती वर येईपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. इतकं शिकूनही मीसुद्धा नाही. मग भगत पाण्याकडे पाठ न करता, उलट्या पावलांनी निघून गेला.