वितीने मोजलेली गाडी

"निम्हण सायकल विकणार, आता दारात मोटार..." एवढंच जिन्यात कानावर पडलं आणि बोलणारीने दार लावलं. मग मला कुठला धीर! पिशवी घेऊन मी निम्हणांच्या मागोमाग निघाले.

दिनकरभाऊ निम्हणांना दिसत नाही. बायको वसुधा पुढे, ते मागे, अशी त्यांची दोन सिटांची लांबलचक सायकल. उद्या वाईला जोडप्यांची सायकल शर्यत होती, भाऊंच्या आयुष्यातली पहिली, आणि तिथवर सायकल न्यायला गाडी हवी होती.

दोघं भाड्याच्या गाड्यांच्या अड्ड्यावर थांबले. मालक सर्जेराव मान न वळवताच म्हणाले, "मोठी गाडी लग्नाला गेली. ह्या गाडीत सायकल मावायची नाही. वीस वर्षं ह्या धंद्यात आहे मी!"

भाऊ नम्रपणे म्हणाले, "पण मागची सीट पाडली की तुमच्यासारखा उंचापुरा माणूस आत झोपतो म्हणे?"

"म्हणे काय? हे बघा!" सर्जेराव मागच्या दारातून शिरून ऐटीत लांब झाले.

भाऊंनी त्यांना टकलापासून बुटापर्यंत वितीने मोजलं. "साडेआठ वीत. चाकं काढली की आमची सायकल आठ. तुम्ही मावलात मालक, आणि ती तर घोरतही नाही!"

सर्जेरावांनी पडल्यापडल्याच किल्ली काढून दिली.

दारात मोटार आली, एवढं खरं निघालं. पण दोनच दिवसांसाठी. आणि सायकल विकलेली नव्हती, आत आरामात झोपली होती.