चिंचेने घासलेला सेंट

नाणी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. दिगंबरपंतांच्या काचपेटीत अमेरिकेची दोन जुनी नाणी होती, तांब्याचा सेंट आणि चांदीचा डॉलर. दोघांनाही माणसाच्या हाताची ओढ होती. पंत मात्र त्यांना चिमट्यानेच उचलत.

सणाला पंतांच्या पत्नी द्वारकाबाईंनी देवाच्या भांड्यांबरोबर सेंटही चिंचेने लख्ख घासला.

"अगं, दोनशे वर्षांच्या त्या काळपट रंगालाच किंमत होती," पंत म्हणाले. "आता हा कोण घेणार?"

"मग मला द्या. सारीपाटाची एक सोंगटी हरवली आहे."

सेंट रोज हातोहात फिरू लागला. काचेतल्या डॉलरची किंमत दरवर्षी वाढत गेली.

एकदा डॉलरने विचारले, "हात अजून उबदार असतात का रे?"

त्याला उत्तर ऐकू आले नाही. सेंट बाईंच्या मुठीत होता.